दगड की शिदोरी



आजचं वाचन गीतेच्या १८ व्या अध्यायातला ४८ वा श्लोक. भावार्थ बहुतेकांना माहीत असेल. सहज वाट्याला आलेलं कर्म सदोष असलं तरी टाकू नये, कारण आग जशी धुराने वेढलेली असते तशी सगळीच कामं कुठल्या ना कुठल्या दोषाने वेढलेली असतात.

हा श्लोक मला कॉलेजपासून आवडतो. खरं सांगायचं तर सोयीचा आहे म्हणून आवडतो. रिलीज फसलं, रागात कुणाला तोडून बोललो, बाबांचा फोन तीनदा कट केला, की मनातल्या मनात म्हणायचं, अरे आग आहे तिथे धूर असणारच. देवानेच सांगून ठेवलंय. या वर्षी मात्र एका घोडीने मला हा श्लोक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला.

हो, घोडी. मी ३४ वर्षांचा आहे, दिवसभर लॅपटॉपसमोर बसतो आणि आषाढीनंतर घोड्यावर बसायला शिकतोय. आमच्या ग्रुपवर यावरून जे जोक झालेत ते इथे लिहीत नाही.

सुरुवात वारीत झाली. मागच्या वर्षी पुण्याहून लोणंदला गेलो आणि चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण पाहिलं. माऊलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, तो माऊलींचा. दोन्हीकडे वारकरी, मधून तो रिकाम्या पाठीचा घोडा दौडत जातो आणि तो गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मीही लावली. त्या पाठीवर कुणीच नव्हतं तरी घोडा असा धावत होता की जणू कुणाला तरी सांभाळून नेतोय. ते चित्र डोक्यातून जाईना. घोडं म्हणजे काय हे एकदा जवळून पाहायचं, असं तेव्हा ठरलं.

नंतर बाबांच्या तब्येतीमुळे मी यवतमाळला परत आलो. वर्क फ्रॉम होम. इथे पुण्या-मुंबईसारखा रायडिंग क्लब वगैरे शोधून सापडला नाही. लोहाऱ्याच्या पुढे एक चाचा राहतात, लग्नाच्या वरातींना घोडी देतात. ही घोडी त्यांनी सहा वर्षांपूर्वी माळेगावच्या यात्रेतून आणली. नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं माळेगाव. तिथला घोडेबाजार आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. देवाचं वाहनच घोडा, मग बाजार त्याचाच मोठा. आषाढी ते तुळशीचं लग्न या काळात मुहूर्त नसतात, घोडी दावणीला उभी असते, पण तिचं पोट काही चातुर्मास पाळत नाही. कुटार, कोंडा, हरभरा सगळं विकतचं. मी म्हणालो, महिन्याला चार हजार देतो, आठवड्यातून तीन दिवस सकाळी शिकवा. चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते पाहणं काय होतं ते मला महिन्याने कळलं.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. काळ्या रानात पावसाने पाय रुततात म्हणून मुरमाच्या एका मोकळ्या तुकड्यावर जायचो. खरारा करायला शिकलो, खोगीर ठेवायला, तंग आवळायला. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढलो की खोगीर एका बाजूला ओढलं जायचं. चाचा म्हणाले, ‘त्या दगडावर उभे राहून चढा ना जी, तिच्या पाठीले झटका बसते.’ मला तो माझा अपमान वाटला. सिनेमात कुणी दगडावरून चढत नाही.

मग दुडकी सुरू झाली. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, दुडकी चालीत घोड्याची पाठ दर पावलाला तुम्हाला वर फेकते. मांड पक्की असेल तर माणूस त्या लयीत जातो. नसेल तर हात काहीतरी धरायला बघतात, आणि हातात असतो फक्त लगाम. मी लगामाला लोंबकळत होतो. माझ्या दृष्टीने मी तोल सांभाळत होतो.

कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकावर मी इथे मागे एक लांबलचक पोस्ट लिहिली होती. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. त्यात मी लगाम आवळण्याबद्दल पानभर लिहिलं होतं. आता वाचतो तेव्हा लाज वाटते, कारण लिहिणाऱ्याने लगाम कधी हातात धरला नव्हता. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. तिथे दात नाहीत, नुसतं हाड आणि त्यावर पातळ कातडी. लगामाची लोखंडी कडी नेमकी तिथे बसते. म्हणजे लगाम हा ब्रेक नाही, तो तोंडाच्या सगळ्यात नाजूक जागेवर ठेवलेला हात आहे. करंगळी मिटली तरी तिला कळतं. आणि सतत ओढून धरलं की घोडं थांबत नाही, उलट ओढीवर तोंड टाकून आणखी जोराने चालतं. माझ्या त्या पोस्टला भरपूर लाइक होते, हे जाता जाता.

एका बुधवारी दुडकीत माझा डावा पाय रिकिबीतून निसटला आणि मी दोन्ही हातांनी लगाम धरून मागे झुकलो. घोडीने मान वर झटकली, तोंड वासलं, चार पावलं तिरकी गेली आणि उभी राहिली. मला वाटलं, वाचलो. चाचा धावत आले ते माझ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे. त्यांनी लगाम उतरवला. कडीला फेस होता, त्यात गुलाबी छटा होती. ओठाच्या कोपऱ्यात कातडी सोलली होती, आणि ती त्या दिवसाची एकट्या दिवसाची नव्हती. मी रोज थोडी थोडी सोलत आलो होतो.

चाचा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘काऊन ओढता जी? ब्रेक नोय तो. तुमचं शिकणं होऊन राह्यलं, तोंड तिचं सोलून राह्यलं.’

मंडळी, मी घरी आलो, स्टँडअप मीटिंगला बसलो, आणि पूर्ण वेळ हे एक वाक्य ऐकत होतो.

आमच्या धंद्यात नवशिक्याला थेट प्रॉडक्शनवर हात लावू देत नाहीत. त्याच्यासाठी वेगळा सर्व्हर असतो, तिथे हवं ते मोडा, कुणाचं काही जात नाही. मी मनात धरून चाललो होतो की शिकणं म्हणजे असंच असतं, चुका आपल्या, त्रास आपला, वाढ आपली. पण जिथे समोर जीव आहे तिथे असा वेगळा सर्व्हर नसतोच. नव्या डॉक्टरच्या हातची पहिली सलाईन कुणाच्या तरी खऱ्या दंडात जाते. नवी शिक्षिका पहिल्या वर्षी ज्या वर्गावर ओरडते तो वर्ग खरा असतो. माझी थोरली बहीण नेहमी म्हणते, आईबाबा माझ्यावर शिकले आणि फायदा तुला झाला. आम्ही हसतो. ती हसते का, हे मी कधी नीट पाहिलेलं नाही.

त्या रात्री मी श्लोक पुन्हा काढला. धूर. माझी आजी उमरखेडकडच्या खेड्यात शेवटपर्यंत चुलीवर स्वयंपाक करायची. कपाशीच्या पट्ट्यातलं घर, जळण म्हणजे पऱ्हाट्या. पावसाळ्यात त्या ओल्या असायच्या आणि स्वयंपाकघर धुराने भरायचं. आम्ही पोरं ओसरीवर ताट घेऊन बसायचो, गरम भाकरी यायची. धूर आजीच्या डोळ्यांत जायचा. इतकी वर्षं मी या श्लोकात धूर असतो एवढंच वाचत आलो. तो जातो कुणाच्या डोळ्यांत, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, कारण मी ओसरीवर होतो.

आणखी एक. श्लोक बोलतो तो सहज कर्माबद्दल, जे टाकता येत नाही त्याबद्दल. (त्याच्या आधीचे वर्णांचे श्लोक आणि त्यावरचे वाद हा मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) घोड्यावर बसणं हे माझं सहज कर्म आहे का? अजिबात नाही. ती हौस आहे. चाचांचं ते पोट आहे, तिथे हा श्लोक लागू पडेल. माझ्या हौसेच्या धुराला मी देवाचं प्रमाणपत्र कसं काय लावतो? उद्या सोडलं तर माझं काही अडत नाही.

मग सोडायचं का? मी तसं ठरवूनच शुक्रवारी गेलो. आणि इथे माझ्यातला इंजिनियर आडवा आला. मला मोजमाप हवं होतं. घोड्याचं वजन काट्याशिवाय काढायचा एक ढोबळ हिशेब आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले शरीराची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ भरला, लांबी १५०. म्हणजे साधारण ३४४ किलो. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहिला होता. २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखावल्याची लक्षणं दिसली, म्हणून २० टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात. तिच्यासाठी ते सुमारे ६९ किलो. मी ८१, खोगीर ७. साडेपंचवीस टक्के.

चाचांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, ‘ते तर म्या पयल्याच दिवशी पाह्यलं होतं.’ मग बोलले का नाहीत? ते गप्प राहिले. चार हजार रुपये, आणि चातुर्मास. मी पुढे विचारलं नाही. मग त्यांनी नवरदेवांचं सांगितलं. शेरवानीतला ९० किलोचा नवरदेव, पुढ्यात भाचा, समोर डीजे, पायाजवळ फटाके, दोन तास. त्याला कोण काय बोलणार? माझ्या परण्याला मीही बसलो होतो, मारुतीच्या देवळापर्यंत. त्या दिवसाचे फोटो आहेत, व्हिडिओ आहे. घोडी कोणत्या रंगाची होती ते मला आठवत नाही.

याच श्लोकावर ज्ञानेश्वरीत माऊलींनी जे दृष्टांत दिलेत त्यात एक अगदी साधा आहे. दगड वाहा नाहीतर शिदोरी वाहा, ओझं सारखंच लागतं; मग विसाव्याच्या जागी कामी येईल ते का उचलू नये? हा दृष्टांत आपण नेहमी वाहणाऱ्याच्या बाजूने वाचतो. मी कुठलं ओझं निवडू, असा. मुरमाच्या त्या तुकड्यावर उभं राहून मला तो पहिल्यांदा उलटा दिसला. इथे वाहणारी ती आहे. ओझं मी आहे. तिच्यासाठी मी दगड आहे की शिदोरी? माऊलींना असा अर्थ अभिप्रेत होता असं मी म्हणत नाही. पण प्रश्न पडला तो पडला.

मी सोडलं नाही. सोडलं असतं तर माझे हात स्वच्छ राहिले असते आणि तिचा हरभरा बंद झाला असता. पण बसणं थांबवलं. पैसे तेच, वेळ तीच. ऑगस्ट, सप्टेंबर आणि जवळजवळ पूर्ण ऑक्टोबर मी तिच्याबरोबर चाललो. म्होरकी घालून, दोर सैल सोडून, निळोण्याच्या रस्त्याला. खूर साफ करायला शिकलो, तोबरा बांधायला शिकलो. ती कान मागे कधी पाडते, शेपूट कधी आखडते हे बघायला शिकलो. रिकिबीत पाय घालण्याआधी हे शिकायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. रात्रीचा भात बंद केला. वजन ७४ वर आलं. चाचांनी जड खोगिराऐवजी दोन किलोची गादी आणि पट्टा काढला. ७६ किलो म्हणजे बावीस टक्के. २० च्या आत नाहीच. म्हणून फक्त चाल, पंधरा मिनिटं, आणि लगाम नाही. चाचा मधोमध लांब दोर धरून उभे राहतात, ती त्यांच्याभोवती गोल फिरते, माझे हात कमरेवर. तोल गेला तर आयाळ धरायची किंवा गळ्यातला पट्टा. पडलो तर मी पडेन. दोनदा पडलो. मुरूम लागतो चांगलाच. तरी हिशेबातले ते दोन टक्के तिच्याच पाठीवर आहेत.

या काळात द्रोणपर्वातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. जयद्रथवधाचा दिवस. सूर्य मावळायच्या आत जयद्रथ मेला नाही तर अर्जुन अग्नीत शिरणार आहे. याहून कडक डेडलाइन वाङ्मयात नसेल. घोडे थकलेत, बाणांनी विंधलेत. अर्जुन रथातून उतरून चहूकडच्या सैन्याला एकटा थोपवून धरतो, बाणाने जमिनीतून पाणी काढतो, आणि कृष्ण भर रणात घोडे सोडतो. स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगातले बाण काढतो, अंग चोळतो, त्यांना लोळू देतो, पाणी पाजतो, चारतो. मगच पुन्हा जुंपतो. गीता सांगणाऱ्याच्या हाताला त्या दिवशी घोड्यांचं रक्त आणि फेस लागला होता. युद्ध थांबलं नाही. घोडे पुन्हा जुंपलेच गेले, हेही खरं आहे, आणि ते मला अजून टोचतं. पण ज्यांच्या पाठीवर आपली प्रतिज्ञा पुढे चाललीय त्यांच्यासाठी तो सूर्य खाली जात असताना थांबला. आपल्या सगळ्या कॅलेंडरांवर, फ्रेमांवर पार्थसारथी असतो, हातात लगाम घेतलेला. बादली घेतलेला कृष्ण मी कुठल्याच चित्रात पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर पाठवा.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. तीन वर्षांपूर्वी पुण्यात मी नुकताच टीम लीड झालो होतो. हाताखाली वाशिमकडचा एक मुलगा होता, पहिलीच नोकरी. मला लीड होणं येत नव्हतं. त्याचा कोड मी सगळ्यांसमोर उघडून एकेका ओळीवर बोलायचो. रात्री अकराला फोन करायचो. माझा तोल गेला की मी त्याला ओढायचो, आता मला तसंच दिसतं. आठ महिन्यांत त्याने राजीनामा दिला. जाताना मी त्याला समजावलं होतं, ‘अरे, शिकताना त्रास होतोच.’ शिकणारा मी होतो आणि त्रास त्याला झाला होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. पुढच्या टीमला मी बरा लीड मिळालो. फीडबॅक चांगला आला, पगार वाढला. त्या सगळ्याची फी याने भरली होती आणि मला पावतीसुद्धा द्यायचं सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मी त्याला मेसेज केला. पाच वेळा लिहून खोडला. पहिल्या खर्ड्यात मी माझ्या तेव्हाच्या ताणाबद्दल दोन ओळी घातल्या होत्या, त्या काढल्या. शेवटी राहिलं ते एवढंच, की मी तुझ्याशी वाईट वागलो, चूक माझी होती, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. टिका निळ्या झाल्या. तीन दिवस काही नाही. मग आलं, ‘ठीक आहे सर. आता मीही लीड आहे.’

या वाक्याचा मी अजून अर्थ लावतोय. तो मला समजून घेतोय, की सांगतोय की हे असंच पुढे चालतं? विचारायची हिंमत झालेली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. तोंडाची जखम भरलीय, तिथे केस थोडे पांढरे आलेत. चाचांनी वरातीसाठी दुसरी गुळगुळीत कडी आणलीय आणि धरायला एक पोरगा ठेवलाय, म्हणजे लगाम नवरदेवाच्या हातात जात नाही. परवा पहिली वरात होती. नवरदेव किती किलोचा होता ते मी मनातल्या मनात मोजलं आणि तोंड बंद ठेवलं. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. वरातीमागून घोडं अशी म्हण आहे, मी वरातीमागून बादली घेऊन चालत होतो. लोकांना वाटलं मी डीजेवाल्याचा माणूस. मंगल कार्यालयाच्या दारात नवरदेव उतरला, सगळे आत गेले, चाचांनी तंग सैल केला आणि मी बादली खाली ठेवली. तिने आधी नाकाने पाणी हलवलं, मग पिऊ लागली. दुसरी बादली आणायला मला कार्यालयाच्या मागच्या नळावर जावं लागलं.

राम कृष्ण हरी.